गाईचा बीजकोश : जिवंत काय, मेलेले काय

दुधाच्या धंद्यात सर्वांत महाग काय, असे विचारले तर कोणी सरकी म्हणेल, कोणी संकरित गाय म्हणेल. गोठ्यात राबणारा माणूस म्हणेल, हुकलेला माज. गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. तो दिवस हुकला की पुढच्या २१ दिवसांचा चारा आणि पेंड अंगावर पडते. गाय भरवली आणि ती फळली नाही, उलटली, तर पुन्हा तेच. असे तीन-चार वेळा झाले की एकदोन गाईंवर संसार चालवणाऱ्या घरात त्या वर्षीचा हिशेब चुकलाच म्हणून समजावे.

कामगार संघटनेत वाढलेल्या माणसाने ह्या व्यासपीठावर गाईच्या बीजकोशाविषयी बोलावे, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. त्याचे कारण असे. दूध संकलन केंद्रांतील आणि शीतकेंद्रांतील कामगारांची संघटना बांधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या कामगारांपैकी पुष्कळांच्या घरी एखाददुसरी गाय असे. पगारवाढीची सभा संपली की मंडळी जी बोलत बसत, ती गाईंच्या माजाविषयी. डॉक्टर आला, हात घालून तपासले, ‘डावीकडे चांगला मोठा फोड लागतो आहे, येईल माजावर’ असे सांगून गेला. आणि गाय काही आली नाही. डॉक्टर लबाड नव्हता आणि त्याच्या हाताला लागलेला फोडही खोटा नव्हता. मग चुकले कोठे? ह्या प्रश्नाच्या मागे लागून मी वाचनालयातून जे मिळाले ते वाचत गेलो. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो आज आपणांपुढे ठेवतो आहे.

आधी शब्दांचा खुलासा केला पाहिजे. गाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. आकार बदामासारखा, पण त्याहून मोठा. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. ह्या बीजकोशात पाण्याने भरलेले लहानमोठे फोड असतात. त्यांना पुटिका म्हणतात. डॉक्टर फॉलिकल म्हणतात. प्रत्येक पुटिकेत एक स्त्रीबीज असते. पुटिकेला आतून पेशींचे अस्तर असते, त्याबाहेर एक पातळ पडदा, आणि पडद्याबाहेर रक्तवाहिन्यांनी भरलेला दुसरा थर. पुटिका पुरती वाढून फुटली की बीज बाहेर पडते, आणि फुटल्या जागी पीतपिंड नावाची पिवळी गाठ तयार होते. हे झाले भाग्यवान पुटिकेचे. बाकीच्या पुटिका फुटतच नाहीत. त्या वाढता वाढता थांबतात, आतल्या आत जिरतात आणि नाहीशा होतात. ह्या जिरण्याला अट्रेशिया असा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ, छिद्र न पडणे. जिचे दार कधी उघडलेच नाही, अशी पुटिका.

माझा सारा विषय ह्या दोन पुटिकांतील भेद ओळखण्याचा आहे. फुटणारी कोणती आणि जिरणारी कोणती? वरून दोन्ही सारख्याच दिसतात. हा भेद ओळखायला माणसाला तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

कथा सुरू होते हॉलंडमधील डेल्फ्ट ह्या गावी. रेनिये द ग्राफ हा तेथील तरुण वैद्य. तो कॅथॉलिक असल्यामुळे त्या प्रॉटेस्टंट देशात विद्यापीठातली जागा त्याला मिळण्यासारखी नव्हती. गावात वैद्यकी करून फावल्या वेळात तो शवविच्छेदन करी. १६७२ साली त्याने स्त्रीजातीच्या जननेंद्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सशिणीचा नराशी संग झाल्यावर ठरावीक तासांनी आणि दिवसांनी एकेक सशीण मारून त्याने बीजकोशातील फोड आणि नळीतून उतरणारी बीजे पडताळून पाहिली होती. ही पद्धत ध्यानात ठेवावी : एकेका घटकेला एकेक प्राणी मारायचा, आणि त्या निरनिराळ्या मेलेल्या प्राण्यांवरून एका जिवंत प्राण्यात काय घडत असेल ते जुळवायचे. पुढची तीन शतके हेच चालले.

द ग्राफला वाटले की संपूर्ण फोड म्हणजेच अंडे. पण नळीत सापडलेली बीजे फोडांहून दहापट लहान होती. ही विसंगती त्याने झाकून ठेवली नाही, ग्रंथात लिहून ठेवली. हा शोध पहिला कोणाचा, ह्यावरून स्वामरडॅमशी त्याचा कडाक्याचा वाद झाला आणि तो लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत गेला. १६७३ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी द ग्राफ वारला. त्याच वर्षी त्याने आणखी एक काम करून ठेवले होते. गावातल्या एका कापडाच्या दुकानदाराने घरी घासलेल्या भिंगांतून चमत्कारिक गोष्टी पाहिल्या होत्या; त्याची शिफारस त्याने पत्राने रॉयल सोसायटीला केली. तो दुकानदार म्हणजे लेव्हेनहुक. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. माझ्यासारख्या पदवी नसलेल्या वाचकाला हे वाचून थोडे बरे वाटले तर क्षमा असावी.

खरे बीज सापडायला १८२७ साल उजाडले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर ह्या शास्त्रज्ञाने क्योनिग्सबर्ग येथे एका कुत्रीच्या पुटिकेत पिवळसर ठिपका पाहिला, तो उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि फोडाच्या आत बीज असते हे सिद्ध झाले. कुत्री त्याच्या सहकाऱ्याच्या, बुर्डाखच्या घरची होती. पुटिका हे घर आणि बीज हा रहिवासी, हे तेव्हा कळले. पण घर नांदते आहे की पडायला आले आहे, ह्याची चौकशी अजून कोणी केली नव्हती.

ती १८८५ साली वाल्टर फ्लेमिंग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने केली. सशाच्या जिरणाऱ्या पुटिकांत अस्तरातील पेशींची केंद्रके आक्रसून त्यांचे गडद तुकडे झालेले त्याला दिसले. पेशी बाहेरच्या घावाने मरते तेव्हा सुजते, फुटते, आजूबाजूला दाह होतो. येथे तसे काही नव्हते. पेशी स्वतःहून आवराआवर करून निघून जात असल्यासारख्या मरत होत्या. फ्लेमिंगने चित्रे काढली, नाव दिले; आणि बहुतेक जग ते विसरले. १९७२ साली ॲबरडीन येथील कर, वायली आणि करी ह्या तिघांनी पेशींच्या अशा मरणाचे नव्याने वर्णन केले आणि त्याला अपोप्टोसिस हे नाव दिले. नाव सुचवणारा त्याच विद्यापीठातला ग्रीकचा प्राध्यापक होता. झाडाची पाने गळून पडणे, असा त्याचा अर्थ. आज कर्करोगाच्या संशोधनात हा शब्द सर्वतोमुखी आहे. त्याची एक जुनी नोंद जिरणाऱ्या पुटिकेत आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल?

आता प्रयोगशाळेतून खाली उतरून कत्तलखान्यात आले पाहिजे. हा भाग ग्रंथांत एका ओळीत आटोपतात : ‘बीजकोश कत्तलखान्यातून मिळवले.’ ते मिळवले कोणी? रक्ताने निसरड्या झालेल्या फरशीवर उभे राहून, आतडी ओढण्याच्या घाईत दोन लहान गाठी वेगळ्या काढून डब्यात टाकणाऱ्या माणसाने. १९२३ साली अमेरिकेत सेंट लुई येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी ह्यांनी डुकरिणींच्या पुटिकांतले पाणी उंदरांना टोचून दाखवले की माज आणणारा रस त्या पाण्यात असतो. पुढे त्या रसातील शुद्ध द्रव्य, इस्ट्रॅडिऑल, वेगळे करण्यासाठी डॉइझीच्या प्रयोगशाळेने डुकरिणींचे सुमारे चार टन बीजकोश वापरले. हाती आले ते बारा मिलिग्रॅमच्या आसपास. चार टन बीजकोश! एकेक गाठ काही ग्रॅमची. किती हातांनी ती गोळा केली असतील, त्यांचा हिशेब कोठे लिहिलेला नाही. डॉइझीला पुढे १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र क जीवनसत्त्वाचे नव्हे की ह्या रसाचे नव्हे, रक्त साकळवणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामासाठी.

गाईकडे शास्त्राचे लक्ष जरा उशिराच वळले. केंब्रिजच्या जॉन हॅमंडचा गाईच्या प्रजननावरचा ग्रंथ १९२७ सालचा. त्यानंतर मोजणी सुरू झाली. १९६६ साली अमेरिकेत एरिक्सन ह्याने किरणोत्साराचा परिणाम तपासण्याच्या निमित्ताने कालवडीच्या गर्भातील बीजपेशी मोजल्या. गर्भ ११० दिवसांचा असताना त्या सुमारे २७ लाख भरल्या, आणि जन्माच्या सुमारास ६८ हजारांच्या आसपास उरल्या. म्हणजे कालवड अजून जमिनीवर पाय टेकायची आहे, तोच तिच्या बीजांपैकी बहुतेक सर्व गेलेली असतात. पुढचे गणित आपणच करू. एकवीस दिवसांनी एक ह्या हिशेबाने वर्षाला सतरा बीजे सुटतील. गाय एकदाही गाभण राहिली नाही असे धरले तरी पंधरा वर्षांत २६०. अडुसष्ट हजारांतून २६०. बाकीची सारी जिरण्यासाठीच जन्मलेली. बीजकोशाचे रोजचे काम पुटिका फोडणे नसून पुटिका जिरवणे आहे, असे म्हटले तरी चालेल.

अशा परिस्थितीत कत्तलखान्यातला बीजकोश कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर काय दिसणार? एक मोठी पुटिका दिसते, पाचसात मध्यम दिसतात, पुष्कळ बारीक दिसतात. पण मोठी आहे ती अजून वाढते आहे, की थांबली आहे, की मागे फिरली आहे? मध्यम आहेत त्या चढणाऱ्या की उतरणाऱ्या? एखाद्या गिरणीचा एका दिवसाचा हजेरीपट हाती दिला आणि विचारले, की ह्यांतला बदली कोण, कायम कोण, कालच लागलेला कोण आणि उद्या कमी होणारा कोण, तर तो पट कितीही बारकाईने वाचला तरी उत्तर निघणार नाही. त्यासाठी महिनाभराचे पट लागतात. शिवाय कत्तलखान्यात येणारी गाय पुष्कळदा न फळणारी म्हणूनच तेथे आलेली असते, आणि तिच्या माजाचा कितवा दिवस आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच ह्या क्षेत्रात वाद फार झाले. १९६० साली राजाकोस्की ह्याने माजाचे दिवस ठाऊक असलेल्या कालवडींचे बीजकोश तपासून मत मांडले की एका माजचक्रात पुटिकांच्या दोन लाटा येतात : पहिली लाट वाढून जिरते, दुसरीतली एक पुटिका फुटते. इतर काहींचे म्हणणे पडले की लाटाबिटा काही नाहीत, पुटिका अखंड वाढत आणि जिरत असतात. दोन्ही बाजूंचे पुरावे मेलेल्या गाईंचेच होते. १९७२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील मंडळींनी एक युक्ती केली. कालवडीचे पोट शस्त्रक्रियेने उघडून मोठ्या पुटिकेच्या शेजारी काळ्या शाईचा ठिपका दिला, टाके घातले, आणि काही दिवसांनी त्या खुणेच्या पुटिकेचे काय झाले ते पाहिले. मतदानाची शाई आपल्याला ठाऊक आहे; ही पुटिकेची शाई. माजाच्या अगदी तोंडावर आलेली सर्वांत मोठी पुटिका फुटते. त्याआधीची मोठी पुटिका मात्र पुष्कळदा दुसरीला जागा देऊन जिरते, हे त्यातून दिसू लागले. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत प्रामाणिक युक्ती होय, कारण तिने प्रथमच एकाच पुटिकेला दोनदा गाठले.

दुसऱ्या बाजूने रसायनवाल्यांनी वाट काढली. १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत आयर्लंड आणि रोश ह्या शास्त्रज्ञांनी कालवडींच्या पुटिकांतले पाणी काढून त्यातील रसांचे प्रमाण मोजले. ह्यामागचे तत्त्व गिरणीत काम केलेल्या माणसाला चटकन कळेल. पुटिकेच्या बाहेरच्या थरात कच्चा माल तयार होतो, पडद्यातून तो आतल्या अस्तराकडे जातो, आणि तेथे त्याचे इस्ट्रॅडिऑल होते. एका खात्याचा माल दुसऱ्या खात्यात. अस्तरातल्या पेशी ढिल्या पडल्या की पक्का माल निघेनासा होतो. म्हणून पाण्यात इस्ट्रॅडिऑल हे प्रोजेस्टेरॉनपेक्षा अधिक असेल तर पुटिका कामावर आहे, कमी असेल तर ती जिरणीला लागली आहे, असा निकष त्यांनी लावला. तो फार उपयोगी ठरला. आकाराने सारख्या दोन पुटिका ह्या कसोटीवर अगदी भिन्न निघत. पण पाणी काढायचे म्हणजे पुटिका फोडायची. निदान अचूक, आणि निदानापायी रोगी गेला!

कोंडी फुटली ती १९८४ साली. विस्कॉन्सिनमध्येच पियर्सन आणि गिंथर ह्यांनी ध्वनिलहरींचे यंत्र, आज सर्वजण ज्याला सोनोग्राफी म्हणतात ते, गाईच्या गुदमार्गातून बीजकोशाशी नेले. घोडीवर हा प्रयोग आधी झाला होता. पुटिकेतील पाणी पडद्यावर काळे वर्तुळ होऊन दिसते. गाय उभी आहे, रवंथ करते आहे, आणि तिच्या पुटिका मिलिमीटरमध्ये मोजल्या जात आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीच गाय उद्या मोजता येते, परवा मोजता येते. १९८८ च्या सुमारास आयर्लंडमधील साव्हियो आणि अमेरिकेतील सिरवा व फॉर्च्यून ह्यांच्या स्वतंत्र अभ्यासांनी जुना वाद मिटवला. लाटा आहेतच, काही गाईंत दोन, काहींत तीन. राजाकोस्की बव्हंशी खरा ठरला. अधिक तीक्ष्ण भिंगाने जे झाले नव्हते, ते रोज त्याच गाईपाशी जाण्याने झाले.

ह्या रोजच्या पाहण्यातून जो क्रम दिसला तो असा. मेंदूखालच्या ग्रंथीतून एक रस वाढतो आणि चारपाच मिलिमीटरच्या पुटिकांची एक तुकडी एकदम वाढीला लागते. तीनेक दिवसांत, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, एक पुटिका पुढे निघते. ती जे रस सोडते त्यांनी ग्रंथीचा तो रस कमी होतो आणि मागे राहिलेल्या उपाशी पडून जिरतात. आता ह्या पुढारी पुटिकेचेही भवितव्य तिच्या हातात नाही. त्या वेळी पीतपिंड जोरात असेल तर तीही काही दिवसांनी जिरते आणि नवी लाट उठते. पीतपिंड मावळत असेल तर तीच फुटते. आमच्या चळवळीतले एक मित्र हे ऐकून म्हणाले, ही भांडवलशाही स्पर्धाच झाली. मला ते पटत नाही. येथे जिंकलेलाही वेळ चुकली तर जातो, आणि हरलेल्यांच्या जागी दर आठदहा दिवसांनी नवी भरती होते. पुटिकेला माणसाच्या मापाने मोजू नये.

आणि येथेच मघाच्या डॉक्टरच्या फोडाचे उत्तर मिळते. जिरणीला लागलेली पुढारी पुटिका लगेच लहान होत नाही. तिचे काम थांबलेले असते, इस्ट्रॅडिऑल घटलेले असते, तरी आकार काही दिवस तसाच राहतो. हाताला ती भरलेली लागते, पडद्यावरही गोल आणि काळी दिसते. मोठी आहे म्हणून जिवंत आहे, हे अनुमान तेवढे चुकीचे.

पुटिका कोठून मरायला लागते, ह्याचाही शोध पुढे लागला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे हेलन आयर्विंग-रॉजर्स आणि रेमंड रॉजर्स ह्यांनी २००१ पासून गाईच्या पुटिकांची तपासणी करून दाखवले की जिरणे एका प्रकारचे नसते. मोठ्या पुटिकांत पाण्याकडच्या बाजूच्या पेशी आधी मरून पाण्यात गळतात. पाच मिलिमीटरहून लहान पुटिकांत मात्र पुष्कळदा उलटे होते : पडद्याला चिकटलेल्या, म्हणजे पायाच्या पेशी आधी मरतात आणि वरच्या काही काळ जिवंत राहून भलतेच रस बनवत बसतात. अशी पुटिका नुसत्या पाण्याच्या तपासणीवरून ओळखू जाल तर घोटाळा होणारच. ज्यांनी सर्व मरणाऱ्या पुटिका एका सदराखाली घातल्या, त्यांचे जुने आकडे त्यामुळे पुन्हा तपासावे लागतात.

आपल्याकडची स्थिती थोडी निराळी आहे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे, म्हणजे शिकागोच्या आठ तासांच्या लढ्याच्या वर्षीचे. शिक्षण जुने आहे. पण महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला कायद्याने बंदी, आणि २०१५ पासून बैल व वळूंच्याही. साहजिकच भारतात कत्तलखान्याच्या बीजकोशांवर जे काम झाले ते मुख्यतः म्हशीवर. म्हशीची पुंजी गाईच्या मानाने फार थोडी, पुष्कळ मोजण्यांत दहा ते वीस हजार पुटिकांच्या घरात भरते. त्यात जिरण्याचे प्रमाण मोठे, आणि माज मुका. म्हणून म्हशीच्या बाबतीत निरोगी पुटिका ओळखणे अधिकच अगत्याचे. १९९० साली कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत परीक्षानलिकेतून म्हशीचे जगातले पहिले पारडू जन्मले. त्याचे नाव ‘प्रथम’ ठेवले. त्याच्या मागे असेच डब्यातून आलेले बीजकोश होते.

आज उपाय पुष्कळ आहेत. १९८८ साली उट्रेख्ट येथे जिवंत गाईच्या पुटिकेतून यंत्राने पाहत पाहत सुईने बीज काढण्याची रीत निघाली. १९९५ साली विस्कॉन्सिनमध्येच इंजेक्शनांचा असा क्रम बसवण्यात आला की असलेली पुढारी पुटिका निकालात काढून नवी लाट ठरल्या दिवशी उठवावी. जुनी पुटिका निरोगी की रोगट, हे विचारण्याची गरजच बरीचशी टळते. रक्तातला एक रस मोजून बीजकोशात पुटिकांची पुंजी साधारण किती, हेही कळते. अमुक पुटिका जगेल की जिरेल हे त्यावरून कळत नाही. हे सर्व मोठ्या गोठ्यांना परवडते. दोन गाईंच्या गोठ्यात अजून डॉक्टरचा हात हेच यंत्र आहे.

त्या हाताला लागते ती एकच गोष्ट, दुसरी भेट. दहा दिवसांच्या अंतराने तीच गाय पुन्हा तपासली की पहिल्या वेळचा फोड गेला, तसाच आहे, की त्या जागी पीतपिंड आला, हे कळते. पीतपिंड लागला तर गाय माजावर येऊन गेली आणि घरात कोणाला कळले नाही. दोन्ही वेळा बीजकोश गुळगुळीत, पीतपिंडाचा पत्ता नाही, तर गाय खरोखरीच थांबली आहे आणि आधी तिच्या खाण्याकडे पाहिले पाहिजे. अडचण एवढीच की दुसऱ्या भेटीचे पैसे द्यायला कोणी तयार नसतो. आमच्या संघटनेच्या सभासदांपैकी एका गावच्या नऊ घरांनी ह्यावर तोड काढली. नवांनी मिळून वर्गणी केली, डॉक्टरला दोन तारखा एकदमच ठरवून दिल्या, आणि पहिल्या फेरीत कोणत्या गाईला कोणत्या बाजूला काय लागले ते गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवले. दुसऱ्या फेरीला डॉक्टर आला की आधी दार वाचतो, मग गाईला हात लावतो.